शेवटच्या तासाचा आवाज

ज्याच्या कृपेने वाणीला स्फुरण चढते आणि ज्याच्या इच्छेने ती विसावते, त्या श्रीगजाननाला आणि भगवती शारदेला वंदन करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त असे : गेल्या भेटीत माझ्या डॉक्टरांनी सांगितले की, कल्याणच्या एका कचेरीत काम करणाऱ्या एका तरुण आईला तीच व्याधी जडली आहे, जी मला पुष्कळ वर्षांपूर्वी जडली. पदरात लहान मूल आहे, आणि कामाच्या वेळा बदलून कशा मागाव्यात हे तिला उमगत नाही. "तुम्ही तिच्यासाठी लिहा, गुरुजी," डॉक्टर म्हणाले. "औषधांचं मी बघतो."

तेव्हा औषधांचे त्यांच्यावर सोपवून, मागण्याविषयी जे मला ठाऊक झाले तेवढेच सांगतो.

पापणी

तो काळ ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धाचा. मी डोंबिवलीच्या एका शाळेत संस्कृत शिकवीत असे. आमची शाळा दोन सत्रांत भरे : सकाळचे सत्र दुपारी बाराला सुटे आणि साडेबाराला दुपारचे भरे. मी दुपारच्या सत्रात होतो. पत्नी सुमती ठाण्याच्या एका कचेरीत हंगामी नोकरीवर होती. ती सकाळी लवकर निघे. आमची एकुलती एक मुलगी मुक्ता लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली, तेव्हा पहिलीत होती. तिचे वर्ग आमच्याच आवारात, दुपारच्या सत्रात. तिची वेणी घालणे, तिला जेवू घालणे आणि हात धरून शाळेत नेणे हे सारे माझे काम. संध्याकाळी तिला घेऊन मी घरी येई.

प्रथम डाव्या डोळ्याची पापणी उतरू लागली. सकाळी ती जागच्या जागी असे, दुपार कलली की पडदा सोडल्यासारखी खाली येई. पुढे आवाज बसू लागला. बसणे म्हणजे घसा धरणे नव्हे. शब्द नाकातून निघत, मग विरत, आणि वाक्याच्या शेवटाला नुसता वारा उरे. रात्रीची पोळी चावता चावता जबडा थांबे आणि मी हाताने हनुवटी उचलून धरी.

विश्रांती घेतली की सारे पूर्ववत. त्यामुळे मीही ते वार्धक्याच्या चाहुलीवर ढकलले.

शाळेने मात्र निराळा अर्थ लावला. एके दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावले आणि दार लोटून घेतले.

"गुरुजी, रागावू नका. विचारणं भाग आहे. एक पालक येऊन गेले. म्हणतात, शेवटच्या तासाला गुरुजींचे डोळे मिटतात, जीभ जड होते. तुम्ही... काही घेता का?"

"काय घेतो?"

"म्हणजे, शाळेत यायच्या आधी. थोडंफार."

मला अर्थ कळायला वेळ लागला. कळला तेव्हा हसूही आले नाही. ज्या घरात चहासुद्धा देवपूजेनंतर होतो, त्या घरातल्या माणसाला हा प्रश्न! मी एवढेच म्हणालो, "सर, माझ्या तोंडाचा वास घेऊन पाहा."

ते ओशाळले. पण त्यांनी वास घेतला नाही, आणि संशयही पुरता सोडला नाही.

निदानाचा दिवस

त्याच आठवड्यात सुमतीने रजा काढून मला ठाण्याच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मला छताच्या पंख्याकडे पाहत राहावयास सांगितले. पाहता पाहता दोन्ही पापण्या खाली आल्या. मग आकडे मोठ्याने म्हणावयास लावले. थोड्या वेळाने माझे आकडे मलाच ऐकू येईनात. त्यांनी दंडात औषधाची एक सुई टोचली आणि आम्ही तिघे तिच्या परिणामाची वाट पाहत बसलो.

हळूहळू पापण्या वर गेल्या. खोलीतल्या वस्तू एकेक करून स्पष्ट झाल्या. मी सुमतीकडे वळलो, तर ती पदराने तोंड झाकून रडत होती.

"अगं, बरं वाटतंय मला. रडतेस कशाला?"

"तुमचे दोन्ही डोळे एकदम उघडे कधी पाहिले होते, ते आठवत नव्हतं," ती म्हणाली.

व्याधीचे नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोहोचत नाही. वापर वाढला की बळ सरते, विसावा मिळाला की परत येते. डॉक्टरांनी लपवाछपवी केली नाही. "बरी होईलच असं सांगत नाही. सांभाळता येते. पण दिवसाच्या शेवटी ताण नको. श्वासाचे स्नायू थकले तर धावपळ होईल. कामाच्या वेळा बदलून घ्या."

'कामाच्या वेळा बदलून घ्या' हे वाक्य त्यांनी गोळ्यांच्या नावाइतक्याच सहजतेने उच्चारले. त्याचे ओझे मला नंतर कळले.

शेजारची खाट

पुढे काही दिवस मला रुग्णालयात ठेवून घेतले. गोळीचा अंमल चढे, उतरे. त्या भरती-ओहोटीवर माझा दिवस चाले. पहाटे परिचारिका येई, नाडी पाही, गोळी देई. आणि इथेच एक पेच पडला. स्नान-पूजेआधी तोंडात काही घालावयाचे नाही, हा माझा लहानपणापासूनचा नेम. मी गोळी उशाशी ठेवून आधी मानसपूजा आटोपण्याची वाट पाही, आणि तोवर गिळण्याचीच शक्ती जाई. डॉक्टर संतापले. सुमतीने शांतपणे तोड काढली : "देवाला नैवेद्य दाखवता ना? गोळीचा दाखवा आणि घ्या." तेव्हापासून मी तसेच करतो.

शेजारच्या खाटेवर बाळकुमचे एक वयोवृद्ध कोळी गृहस्थ होते. त्यांना सारे पाटीलबुवा म्हणत. माझा मऊ भात पाहून आणि उतरता आवाज ऐकून ते हसत.

"गुरजी, तुमचा आवाज सकालचे पारी देवलातली घंटा, न सांजला फुटका तांब्या!"

मला हसू आले, पण हसण्याचे स्नायूही थकलेले होते. चेहरा वाकडा झाला. पाटीलबुवा लगेच गंभीर झाले. "ऱ्हावंद्या, ऱ्हावंद्या. उद्याला हसा. मी हाय हितंच." त्यानंतर ते विनोद सकाळसाठी राखून ठेवीत. भगवंताची करुणा कोणत्या मुखाने बोलेल, याचा नेम नाही.

टँकर

घरी परतल्यावर मी पुन्हा त्याच दुपारच्या सत्रात रुजू झालो. वेळा मागितल्या नाहीत. मनाशी म्हणे, गोळ्या आहेत, परमेश्वर आहे; माणसांपुढे हात कशाला पसरावा?

एका संध्याकाळी मुक्ताला घेऊन येत होतो. शेवटचा तास जड गेला होता. ती हात सोडून दोन पावले पुढे उड्या मारीत चालली होती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर मागे येत होता आणि ती त्याच्या मागच्या बाजूला, चालकाला न दिसणाऱ्या जागी, चिमणीचे पीस उचलावयास वाकली.

मी हाक मारली. म्हणजे मारावयास गेलो. 'मुक्ता, थांब' हे शब्द मनात पूर्ण उमटले आणि ओठांतून नुसती फुंकर निघाली. धावावयास गेलो तर पाय ओल्या मातीत रुतल्यासारखे झाले. टँकर येतच होता.

कोपर गावाहून भाजी घेऊन येणारी मथुराबाई तिथे पाटी लावून बसे. तिने मुक्ताचा फ्रॉक धरून तिला मागे खेचले आणि मग माझ्यावर कडाडली, "ओ गुरजी! तोंडान काय गुलना धरलाव काय? पोर मेली असती ना!"

मी हात जोडले. उत्तर देण्याइतकाही आवाज नव्हता. तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले, मग आपल्या पाटीजवळची जागा हाताने झाडली आणि म्हणाली, "बसा जरा. नाय बरा वाटत तुमाना."

मी रस्त्याच्या कडेला बसलो. मुक्ता माझ्या मांडीवर बसली आणि तिने हातातले पीस मला दाखवले.

घरी सुमतीला सांगितले तेव्हा ती तांदूळ निवडत राहिली. मग ताट बाजूला सारून म्हणाली :

"देवाकडे रोज मागता. मुख्याध्यापकांकडे मागायची लाज वाटते?"

"अगं, नियम सर्वांना सारखे. मी एकटा वेगळं कसं मागू?"

"तुमचा आजार सर्वांना सारखा आहे का? आणि ही पोर सर्वांची आहे का? माझी नोकरी अजून कायम नाही, मी वारंवार रजा मागितली की उद्या दुसरी बाई खुर्चीवर. मागायला घरात तुम्हीच आहात."

तिचा स्वर चढला नव्हता, म्हणूनच तो झोंबला.

अर्ज

आम्ही दोघांनी मिळून योजना आखली. सकाळचे पूर्ण सत्र मला चालले नसते. मुक्ताला घरी एकटे कसे ठेवावयाचे? दुपारचे पूर्ण सत्र मला झेपत नव्हते. म्हणून मी दोहोंच्या मधले मागितले : सकाळच्या सत्राचे शेवटचे तास आणि दुपारच्या सत्राचे सुरुवातीचे, मध्ये थोडा विसावा. मुक्ताचा वर्ग भरेपर्यंत तिला शिक्षकांच्या खोलीत बसू द्यावे, आणि माझे काम संपल्यावर तिचा वर्ग सुटेपर्यंत मी तिथेच पडून राहीन. तासांची संख्या तीच. केवळ जागा बदलावयाची.

दोन सत्रांवर पाय ठेवणारे वेळापत्रक त्या शाळेत कुणाला मिळाले नव्हते. मुख्याध्यापक म्हणाले, "हे माझ्या हातात नाही. शाळा समितीपुढे या. रविवारी सकाळी सभा आहे."

इथे मी जी चूक केली, ती माझ्यासारखाच माणूस करू शकतो.

समितीच्या प्रत्येक सभेचा प्रारंभ शांतिपाठाने होई, आणि तो म्हणण्याचा मान वर्षानुवर्षे माझा. त्या सकाळी मी विश्रांती घेऊन, वेळेवर गोळी घेऊन, प्रसन्न चित्ताने गेलो. मुख्याध्यापक सवयीने म्हणाले, "गुरुजी, नेहमीप्रमाणे." मी उभा राहिलो, डोळे मिटले आणि म्हटले. पुष्कळ दिवसांनी स्वर असा लागला होता. ईश्वराने आज लाज राखली, या कृतज्ञतेने माझे डोळे भरून आले.

मी डोळे उघडले तेव्हा समितीचे अध्यक्ष अण्णासाहेब माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांचे कापडाचे दुकान होते. माणूस सचोटीचा, पण मापात तसूभर इकडेतिकडे खपवून न घेणारा.

"वा, गुरुजी! काटा आला अंगावर. हं, आता तुमचा अर्ज काय आहे?"

अर्ज वाचला गेला. खोलीत कुणीतरी खाकरले.

"म्हणजे, ह्या आवाजाला सवलत पाहिजे?" अण्णासाहेब म्हणाले. "आत्ता ऐकला तो?"

"अण्णासाहेब, सकाळी असा असतो. संध्याकाळी..."

"उद्या माझ्या दुकानातला माणूस म्हणेल, मला दुपारीच मीटर धरता येतो. आणि मुलीला शिक्षकांच्या खोलीत बसवायचं? अहो, शाळा आहे की पाळणाघर?"

"डॉक्टरांचा दाखला सोबत आहे."

"दाखले काय, मिळतात हो. मी तुम्हाला खोटं म्हणत नाही, गुरुजी. पण डोळ्यांना दिसतंय ते कसं नाकारू?"

ठरले ते असे : दिवाळीच्या सुटीपर्यंत पूर्ण सत्र सांभाळावे, न जमल्यास पूर्ण बरे होईपर्यंत बिनपगारी रजा घ्यावी. ज्या व्याधीला 'पूर्ण बरे' हे शब्दच ठाऊक नव्हते, तिच्या बाबतीत याचा अर्थ एकच होता. मी सर्वांना नमस्कार करून बाहेर पडलो. जिन्यात पायरी दिसेनाशी झाली, पण ते पापणीमुळे नव्हते.

साठेबाई

वेळापत्रक आखण्याचे काम पर्यवेक्षिका साठेबाईंकडे असे. माझ्या अर्जाने त्यांचीच सर्वांत अधिक पंचाईत होणार होती, म्हणून मी त्यांची क्षमा मागावयास गेलो.

"क्षमा कसली मागता?" त्या फटकन म्हणाल्या. "पण एक सांगा, तुम्हाला अक्कल आहे का हो? मागायचा आहे आजाराचा हक्क, आणि सभेत जाऊन म्हटलात शांतिपाठ! तोही खणखणीत!"

"देवाचं नाव हातचं राखून कसं घ्यावं, बाई?"

"घेऊ नका राखून. पण त्यांना शेवटच्या तासाला बोलवा ना. नववीचा वर्ग. येऊन बसा म्हणावं मागच्या बाकावर."

मला ते रुचले नाही. स्वतःच्या दुबळेपणाचे प्रदर्शन मांडावे, तेही विद्यार्थ्यांसमोर! सुमतीला तर भीतीच वाटली. "आणि श्वास अडकला म्हणजे?" डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, "मुद्दाम काही वाढवू नका. एरवीचा दिवस असतो तसाच ठेवा. गिळता येईनासं झालं की त्या क्षणी थांबायचं, आणि घरी नाही, इकडे यायचं." साठेबाईंनी अण्णासाहेबांना निरोप धाडला आणि त्या दिवशी कोपऱ्यावर रिक्षा उभी करवून ठेवली.

शेवटचा तास

अण्णासाहेब आणि मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. साठेबाई दारात उभ्या राहिल्या. वर्ग ताठ बसला होता. वडीलधारी माणसे गुरुजींची परीक्षा घ्यावयास आली आहेत, हे मुलांनी ओळखले होते.

आणि येथे त्या मुलांविषयी सांगितले पाहिजे. या वर्गाने आपण होऊन एक रीत पाडली होती. माझा आवाज उतरू लागला की वर्गप्रमुख वैजयंती शब्दांची रूपे म्हणावयास आरंभ करी आणि सारा वर्ग तिच्यामागून एका सुरात म्हणे. बाहेरून जाणाऱ्याला वाटे, काय शिस्तीचा तास चालला आहे! त्या घोषाआड मी टेबलाला टेकून विसावा घेई. मुलांनी कधी याची वाच्यता केली नाही. मीही केली नाही.

त्या दिवशी धडा निम्म्यावर आला आणि माझा स्वर नाकात गेला. पुढचे वाक्य निम्मेच उमटले. मी हनुवटीला हात लावला मात्र, वैजयंतीने आरंभ केला. सबंध वर्ग गर्जू लागला. भिंती घुमल्या. मला वाचविण्यासाठी ती लेकरे एरवीपेक्षाही जोराने म्हणत होती.

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. ते मुख्याध्यापकांकडे झुकून काही म्हणाले आणि समाधानाने मान डोलवू लागले.

दारातून साठेबाई माझ्याकडे पाहत होत्या. क्षणभर माझ्या मनात आले, असेच चालू द्यावे. माझी अब्रू राहील, मुलांचे प्रेम राहील. पण मग दिवाळीनंतर नोकरी जाईल, आणि ती जाईपर्यंत रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने मी मुक्ताला घेऊन जाईन, हाक न मारता येणारा बाप. मी हात वर केला.

मुले थांबेनात. वैजयंतीने डोळ्यांनीच मला विनविले. मी पुन्हा हात उचलला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. मग मी टेबलावर पट्टी आपटली. सूर तुटला आणि वर्ग निःशब्द झाला.

त्या शांततेत मी धडा पुढे वाचावयास घेतला. एक शब्द निघाला. दुसऱ्याचे पहिले अक्षर. पापण्या मिटत होत्या. मी अंगठ्याने एक उचलून धरली आणि पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले. काहीच ऐकू आले नाही. पहिल्या बाकावरची मुलगी रडू लागली.

"पुरे, गुरुजी," मागून अण्णासाहेब म्हणाले. "बसा. बसा म्हणतो ना!"

आमच्या वर्गांत शिक्षकांसाठी खुर्ची नसे. शिकवताना बसावयाचे नाही, हा समितीचाच दंडक. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मग स्वतः पुढे येऊन, एका मुलाला उठवून, मला पहिल्या बाकावर बसविले. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता.

"मला वाटलं होतं, गुरुजी..." ते म्हणाले, आणि वाक्य त्यांनी सोडून दिले. मुख्याध्यापकांनी दार लोटून विचारला होता, तोच संशय त्यांच्याही मनात होता, हे मला ठाऊक होते. मी मान हलविली. तेवढी हलत होती.

मिळाले ते

मला मधले तास मिळाले. मुक्ताला शिक्षकांच्या खोलीत बसण्याची मुभा मिळाली. मंजुरी एका सहामाहीपुरती होती. पुढे कित्येक वर्षे प्रत्येक सहामाहीला मला ती नव्याने मागावी लागली. ज्या सहकाऱ्याच्या वाट्याला माझा शेवटचा तास आला, ते वर्षभर माझ्याशी धड बोलले नाहीत. "काय गुरुजी, आज अर्धा दिवस का?" असे ते हसत विचारीत. माझा दिवस अर्धा नव्हता, पण त्यांचा दिवस माझ्यामुळे लांबला होता, हे खरे होते. मी रोज त्यांना नमस्कार करीत असे.

पहाटेचे पाठांतर, जे मी आयुष्यभर मोठ्याने केले, ते आता मनातल्या मनात करतो. उरलेला आवाज मुलांसाठी आणि मुक्तासाठी. याचे प्रारंभी फार दुःख झाले. मग वाटले, ज्याने आवाज दिला, त्याला तो कुठे खर्च झाला हे ठाऊक असेलच.

मुली, तुझे नाव मला ठाऊक नाही. पण तू मागावयास जाशील तेव्हा तुझ्या उत्तम घडीला जाऊ नकोस. आपण नीटनेटके होऊन, बळ गोळा करून जातो आणि समोरच्याला तेवढेच दिसते. जी घडी तू सर्वांपासून लपवितेस, ती त्यांना दाखव. आणि जे प्रेमाने तुझे उणे झाकतात, त्यांनाही एक दिवस थांबव. ते मला सर्वांत कठीण गेले.

ती जगन्माता तुझ्या श्वासाला बळ देवो, तुझ्या लेकराला आयुष्य देवो. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या घरी दिवेलागणीला सारी माणसे सुखरूप परतोत. आणि त्यांत जो थकला असेल, त्याला 'मी थकलो' म्हणण्याचे धैर्य आणि ते ऐकणारे कुणीतरी लाभो. शुभं भवतु.